साखळीचा कुत्रा, जखमेतले किडे आणि मोरजीचा जून : वाचकांचे प्रश्न

पाऊस लागला की जनावरांच्या या पानासाठी येणारी पत्रं वाढतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो तर विचारू नका, जेवताना उघडू नयेत असले. सगळ्यांना उत्तर देणं जमत नाही, काहींशी फोनवर बोलले, उरलेल्यातली जी चार जणांच्या उपयोगाची वाटली ती इथं घेतलीत. नावं मुद्दाम काढलीत. गोव्यात वाडा आणि आडनाव सांगितलं की घर कळतं, आणि यातली अर्धी पत्रं शेजाऱ्यांबद्दलच आहेत.

प्रश्न : ताई, आमच्या शेजारच्या बंगल्यात एक कुत्रा आहे, चोवीस तास गेटजवळ साखळीला. साखळी जेमतेम हातभर. पाऊस आला की भिजतो, ऊन आलं की तापतो, रात्रभर केकाटतो. मालक माणूस तसा वाईट नाही, चवथीला आमच्याकडे येतो, आम्ही त्यांच्याकडे जातो. भांडण नको पण बघवत पण नाही. काय करू?
– एक गृहिणी, डिचोली

बाय, ‘माणूस तसा वाईट नाही’ हे तू लिहिलंस ते मला तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य वाटलं. काठीनं मारणारे, उकळतं पाणी फेकणारे लोक मला भेटलेत, नाही असं नाही, पण त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त हाल जनावरांचे होतात ते सवयीच्या माणसांच्या घरी, ज्यांच्या बापाकडेपण कुत्रा असाच बांधलेला असायचा आणि ज्यांना खरंच वाटतं की राखणीचा कुत्रा म्हणजे हा असाच. अशा माणसाला तोंडावर ‘क्रूर’ म्हटलंस की विषय संपला, गेट बंद, आणि आत कुत्रा तिथंच.

म्हणून आधी बोलायला जा, आणि रिकाम्या हातानं जाऊ नकोस. हार्डवेअरच्या दुकानातून जाड तार आणि एक कडी घेऊन जा. दोन माडांच्या मध्ये किंवा माड आणि खांबाच्या मध्ये डोक्याच्या वर तार ताणायची, तिच्यात कडी ओवायची आणि साखळी त्या कडीला लावायची, म्हणजे कुत्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतो, खर्च काहीच नाही. फक्त कंपाउंडच्या भिंतीला लागून नको, भिंतीवरून उडी मारली तर पलीकडे लटकून फास बसतो, असं झालेलं आहे. वर एखादा पत्रा, खाली उंच फळी, जड बुडाचं पाण्याचं भांडं. आणि गळ्यातला पट्टा बघून घे, दोन बोटं आत गेली पाहिजेत. पिल्लू असताना घातलेला पट्टा वर्षभर कोणी सैल करत नाही आणि तो मासात रुतत जातो, वरून केस असतात म्हणून दिसत नाही, वास यायला लागला की कळतं.

मालकाला पटणारा मुद्दा एकच असतो, चोराचा. बांधलेला कुत्रा चोराला काय करणार? त्याला रात्री गेट लावून आवारात मोकळा सोडा म्हणावं, दिवसातून दोनदा फिरवा, केकाटणं आपोआप कमी होतं.

आणि नाहीच ऐकलं तर कायदा आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा 1960 चा कायदा, त्याचं कलम 11. त्यात आखूड किंवा जड साखळीला जास्त वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं फिरवलं नाही तर तोही वेगळा गुन्हा आहे, अगदी कुत्रा हा शब्द लिहून. पण खरं सांगते, पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. 1960 मध्ये ठरला तो तसाच राहिला, आज पन्नास रुपयांत काय येतं ते तू सांग. तरीसुद्धा तक्रारीचा उपयोग होतो कारण लोक दंडाला घाबरत नाहीत, पोलीस दारात आले हे वाड्यानं बघितलं याला घाबरतात. वेगवेगळ्या दिवशीचे, वेगवेगळ्या वेळचे छोटे व्हिडिओ काढून ठेव, तुझ्याच आवारातून, म्हणजे ‘तेवढ्यापुरतं बांधलं होतं’ हे कोणी म्हणू शकत नाही. मग पोलीस स्टेशन, नाहीतर जिल्ह्याची एसपीसीए, म्हणजे प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध काम करणारी संस्था. चवथीचं येणंजाणं तुटू नये असं वाटत असेल तर तक्रार एखाद्या संस्थेतर्फे जाऊ दे.

प्रश्न : आमच्या दुकानाच्या पायरीवर बसणाऱ्या कुत्रीच्या कानामागे जखम झालीय, आत पांढरे किडे वळवळतात, वास मारतो. एक म्हणतो फिनेल ओत, एक म्हणतो पेट्रोल, एक तंबाखू-चुना. गाडीत घालून व्हेटकडे न्यायला गाडी नाही. घरच्या घरी काय होईल?
– दुकानदार, सांगे

दादा, फिनेल नको, पेट्रोल नको, तंबाखू नको, काही ओतू नका. किडे मरतील पण उघड्या मासावर ते पडलं की कातडी जळते, आणि कुत्री ते चाटते, मग विष पोटात. फिनेलनं भाजलेली जखम किड्यांच्या जखमेपेक्षा जास्त दिवस घेते.

पावसात हे सगळीकडे होतं, कारण माशी ओल्या जखमेवर अंडी घालते, दिवसाभरात अळ्या बाहेर येतात आणि मांस खात आत जातात. वरून भोक बोटाएवढं दिसतं, आत पोकळी मोठी असते, म्हणून वरवर पुसून ‘गेले’ असं समजू नका. आता ऐका कसं करायचं. आधी तोंड बांधायचं, मऊ बँडेजची पट्टी नाकावरून गुंडाळून, खाली गाठ, मग मानेमागे गाठ. ‘ती मला कधी चावणार नाही, रोज बिस्कीट खाते माझ्या हातचं’ असं सगळे म्हणतात, दुखलं की सगळे चावतात, त्यात तिचा दोष नाही. नाक मोकळं राहिलं पाहिजे, आणि ती धापा टाकायला लागली तर पट्टी लगेच सोडायची.

जनावरांच्या औषधाच्या दुकानात मॅगटचा स्प्रे मिळतो, नुसतं ‘मॅगट स्प्रे द्या’ म्हटलं तरी देतात. हातात ग्लोव्ह्ज घाला, जखमेभोवतीचे केस कातरा, आत स्प्रे मारा, थोडा कापूस भोकावर दाबून धरा. किड्याचं श्वास घ्यायचं तोंड त्याच्या मागच्या टोकाला असतं, म्हणून तो डोकं आत खुपसून मागचं टोक वर ठेवून बसतो. हवा बंद झाली की ते वर यायला लागतात. मग चिमट्यानं एकेक काढायचे. तुटला तर अर्धा आत राहतो आणि कुजतो, म्हणून ओढायचं हळू. सलाइननं धुवायचं, परत बघायचं. दुसऱ्या दिवशी परत उघडून बघायचं, तिसऱ्या दिवशीपण, कारण पहिल्या दिवशी जे बारीक होते ते आता दिसतात. घट्ट पट्टी बांधून जखम बंद करू नका.

हे झालं छोट्या जखमेचं. तुम्ही कानामागे लिहिलंय म्हणून मला काळजी वाटते, तिथून ते कानाच्या आत जातात. कुत्री मान वाकडी करून चालत असेल, डोकं सारखं झाडत असेल किंवा खाणं सोडलं असेल तर घरगुती काही करू नका, गाडी शोधा. रिक्षा-टेम्पोवाला जुन्या चादरीत गुंडाळलेल्या कुत्रीला नाही म्हणत नाही, भाडं आधी सांगा. दक्षिणेत कुडचड्याला गोवा अ‍ॅनिमल वेल्फेअर ट्रस्टचं काम आहे, तुम्हाला तेच जवळ, मडगावला सोनसडोला सरकारी पशुचिकित्सालय आहे. अँटिबायोटिक आणि दुखण्याचं औषध व्हेटनंच द्यायचं. मित्रानं सांगितलेलं किड्यांचं इंजेक्शन कोणाकडून टोचून घेऊ नका, आयव्हरमेक्टिन काही जातींच्या कुत्र्यांना झेपत नाही आणि डोस चुकला तर कुत्रा आंधळासुद्धा होतो.

मांजराची जखम असेल तर कुत्र्याचा स्प्रे किंवा पावडर परस्पर वापरू नका, मांजर सगळं चाटून पोटात घेतं. आणि हे करताना दात किंवा नख लागलं तर जखम साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं धुवायची, मग लगेच आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजचं इंजेक्शन. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

प्रश्न : आमच्या वाड्यावरचे तीन कुत्रे एका रात्रीत मेले, तोंडाला फेस होता, पाय ताठ. एक माझा स्वतःचा होता. सगळ्यांना माहीत आहे कोणी केलं पण कोणी बोलत नाही. पोलीस म्हणाले भटक्या कुत्र्यांची काय तक्रार घ्यायची. आता काय करणार, पुरून टाकलं.
– फोंडा तालुका

भाऊ, वाईट वाटलं वाचून. पुरलं असेल तरी थांबा, सगळं संपलेलं नाही, पण तुमच्यामुळे बाकीच्यांना सांगता येईल म्हणून नीट लिहिते.

अशा वेळी पुरायचं नसतं. शव म्हणजेच पुरावा. सापडलं तसा फोटो काढायचा, आजूबाजूला मासाचा गोळा, पावाचा तुकडा, ओकारी काही पडलं असेल तर त्याचाही, मग ग्लोव्ह्ज घालून ते पिशवीत बंद करायचं. शवावर बर्फ ठेवायचा आणि लगेच पोलिसांना कळवून सरकारी पशुवैद्याकडून पोस्टमार्टम मागायचं, लेखी. आतले नमुने फॉरेन्सिकला जातात, विष कोणतं ते तिथं कळतं, आणि शेतीचं कीटकनाशक निघालं तर ते कोणाच्या घरी असतं हे वाड्याला सांगावं लागत नाही.

पोलीस जे बोलले ते चूक आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिचं कलम 325. जनावर मारणं, त्याला विष घालणं, त्याला अपंग करणं, याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आधीच्या दंड संहितेत 428 आणि 429 अशी दोन कलमं होती आणि तिथं जनावराची किंमत दहा रुपये की पन्नास रुपये असला हिशोब होता, आता किंमत विचारायचं कारणच उरलं नाही. हा दखलपात्र गुन्हा आहे. तोंडी सांगू नका, अर्ज लिहून न्या, तुमच्या कॉपीवर शिक्का घ्या. तरी घेतला नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टानं, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ती सोय दिलेली आहे. तुमचा पाळलेला कुत्रा त्यात होता, त्याचं लसीचं कार्ड, व्हेटची बिलं, फोटो जोडा.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारते, रागावू नका. ज्यानं केलं म्हणतात त्याच्या कोंबड्या गेल्या होत्या का? कारण गावात विष घालण्यामागे नव्वद टक्के म्हणा हवं तर, कोंबड्या असतात नाहीतर शेळीचं पिल्लू. त्यानं केलं ते गुन्हाच, त्याला माफी नाही. पण उरलेले कुत्रे वाचवायचे असतील तर कोंबड्यांचा प्रश्न तुम्हाला सोडवावा लागेल, रात्री कुत्रे आत घ्या, मोकाट असतील त्यांची नसबंदी करून घ्या, खुराड्याला जाळी लागत असेल तर वाड्यानं मिळून लावून द्या. तक्रार पण करा आणि जाळी पण लावा. एक करून चालत नाही.

आणि एक, कुठल्याही जनावरावर विषाचा संशय आला, लाळ गळतेय, अंग थरथरतंय, झटके येतायत, तर दूध, तेल, मिठाचं पाणी घशात ओतू नका. झटक्यात ते फुप्फुसात जातं आणि विषाआधी त्यानंच मरतं. कुशीवर झोपवा, डोकं जरा खाली, आणि गाडी काढा. काही विषांवर उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला तरच. जिथं गोळे टाकले असतील ती जागा साफ करून घ्या, कावळे आणि उदमांजरं पण मरतात आणि पोरं खेळतात तिथं.

प्रश्न : मी सावंतवाडीचा, मोरजीला किनाऱ्यावरच्या हंगामी हॉटेलात, म्हणजे शॅकवर, काम करतो. सीझनभर आमच्या शॅकवर पाच-सहा कुत्रे असतात, टुरिस्ट त्यांना चिकन देतात, नावं ठेवतात. आम्ही मेअखेर शॅक काढला की हे कुत्रे तिथंच. आणि वनखात्याची माणसं म्हणतात कुत्रे कासवाची अंडी उकरतात, म्हणून त्यांना खायला घालू नका. कोणाचं ऐकायचं?
– शॅक कामगार

दादा, दोघांचंही खरं आहे, आणि तू विचारलंस म्हणून फार बरं वाटलं, शॅकचे मालक विचारत नाहीत.

आधी कुत्र्यांचं. सीझन ऑक्टोबर ते मे. मे संपला की शॅक गेले, टुरिस्ट गेले, आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, म्हणजे जेटीवर, बाजारात जे मासळीचं काय ते मिळायचं तेही बंद. एकाच आठवड्यात सगळीकडून जेवण तुटतं, वर पाऊस. जूनमध्ये किनाऱ्यावर बरगड्या मोजता येतील असे कुत्रे दिसतात ते या हिशोबानं. आठ महिने चिकन घालणाऱ्या बाईंनी फोटोखाली हार्ट टाकून विमान पकडलेलं असतं. मी त्यांना दयाळू म्हणत नाही, सॉरी. पिल्लं त्यांच्याच चिकनवर वाढलेली असतात.

आता कासवांचं. मोरजी, आश्वे, मांद्रे, आणि तिकडे काणकोणला आगोंद, गालजीबाग, इथं ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. एका घरट्यात शंभरेक अंडी, पिल्लं निघायला दीड-दोन महिने. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतलं कासव आहे ते, वनखातं घरटी जाळी लावून राखतं नाहीतर अंडी सुरक्षित जागी हलवतं. कुत्र्याला वाळूखालचा वास येतो आणि तो उकरतो, पिल्लं निघाली की उचलतो. पोट भरलेला असला तरी उकरतो, खेळ म्हणून. म्हणून शॅकच्या समोर वाळूत, रात्री, उरलेलं खाणं टाकायचं नाही. म्हणजे उपाशी मारायचं असं नाही. खाणं सकाळी घालायचं, वाळूपासून लांब, रस्त्याच्या बाजूला, भांड्यात, आणि भांडं परत उचलायचं. तुझ्या शॅकचं किचनचं उरलेलं कुठं जातं ते बघ आधी, मागे खड्डा करून टाकत असतील तर तीच खरी खानावळ.

आणि नसबंदी सीझनच्या सुरुवातीलाच करून घ्यायची, ऑक्टोबरात, मेमध्ये नाही. आसगावला वर्ल्डवाइड व्हेटरिनरी सर्व्हिसचं केंद्र आहे, तुला जवळच, तिथं विचार. मालकाला सांग, टुरिस्टकडून टिप घेता तसा एक डबा काउंटरवर ठेवा, पावसाळ्यातल्या तांदळाचा. गावातली एखादी मावशी जून-जुलै रोज शीत शिजवून घालायला तयार असते, तिला तांदूळ कोण देणार एवढाच प्रश्न असतो. खाणं एकदम तोडू नका, शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत जागा हळूहळू गावाकडे सरकवा, कुत्रे भांड्याच्या मागे येतात.

प्रश्न : आमच्या शिवोलीच्या घरात भाड्याने राहणारे जोडपे परत दिल्लीला गेले आणि हस्की जातीचा कुत्रा बाल्कनीत ठेवून गेले. फोन उचलत नाहीत. एक ब्रीडर फुकटात न्यायला तयार आहे. द्यावा का?
– घरमालक

नको! फुकटात नेणारा ब्रीडर कशाला नेतो ते उघड आहे, पिंजऱ्यात ठेवून पिल्लं काढायला. आधी व्हेटकडे नेऊन मायक्रोचिप आहे का स्कॅन करून घ्या, असेल तर नोंदणी कोणाच्या नावावर ते कळतं. भाडेकरूंना व्हॉट्सअ‍ॅपवर आणि मेलवर लेखी कळवा की अमुक दिवसांत न्या, नाहीतर कुत्रा दत्तक दिला जाईल आणि सोडून गेल्याची तक्रार होईल. पाळलेलं जनावर विनाकारण सोडून देणं हे वर सांगितलेल्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 मध्ये येतं.

तोपर्यंत त्याचे केस भादरू नका, गरम होतंय म्हणून लोक हस्कीला टक्कल करतात, तो दुहेरी कोट उन्हापासूनही वाचवतो. विंचरून सुटे केस काढा, फरशीवर पंख्याखाली ठेवा, फिरवायचं ते पहाटे. दत्तक देताना नसबंदी करूनच द्या, आणि घर बघून द्या. पुढच्या भाडेकराराला एक ओळ वाढवा, जनावर असेल तर डिपॉझिट वेगळं. बर्फातला कुत्रा गोव्याच्या दमट हवेत आणावाच का हा प्रश्न तुमचा नाही, ज्यांनी आणला त्यांचा होता.

प्रश्न : पर्वरीला आमच्या सोसायटीत कुत्र्यांवरून दोन पार्ट्या झाल्यात. कमिटी म्हणते कोर्टाने सगळे कुत्रे उचलायला सांगितलेत. खरं का?
– फ्लॅटधारक

अर्धवट खरं, आणि अर्धवट खरंच जास्त भांडणं लावतं. 11 ऑगस्ट 2025 ला सुप्रीम कोर्टाचा दिल्ली आणि आसपासच्या शहरांपुरता कडक आदेश आला, तो 22 ऑगस्टला बदलला, नसबंदी आणि लस करून कुत्रा जिथला तिथं परत सोडायचा, रेबीज झालेला किंवा आक्रमक असेल तो वगळून. खाणं घालायची जागा ठरवून द्यायची, वाटेल तिथं रस्त्यात नाही. मग 7 नोव्हेंबरला शाळा, हॉस्पिटलं, बसस्टँड, रेल्वे स्टेशन, स्टेडियम अशा आवारांतून कुत्रे हलवायला सांगितले, ते परत तिथं सोडायचे नाहीत. तुमची सोसायटी या यादीत नाही. सोसायट्यांसाठी 2023 चे एबीसी (प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाचे) नियम आहेत, त्यात कमिटीनंच खाण्याची जागा ठरवायची असते, जिन्यात, गेटवर आणि मुलं खेळतात तिथं नाही. म्हणजे कमिटीला कुत्रे पकडून जंगलात सोडता येत नाहीत, आणि खायला घालणाऱ्यांना लिफ्टसमोर पेडिग्री ओतता येत नाही. दोन्ही पार्ट्यांना हे वाचून दाखवा, दोघंही थोडे नाराज होतील.

कुत्रे उचलून दुसरीकडे टाकले की मोकळ्या जागेत लस न घेतलेले नवे येतात. गोव्याला हे बाकीच्यांपेक्षा जास्त कळायला पाहिजे. 2014 पासून मिशन रेबीज या संस्थेची माणसं, पिवळे टी-शर्ट घालून, जाळ्या घेऊन वाड्यावाड्यात फिरली, सरकार सोबत होतं, लस दिलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंग लावायचे, तुम्हीपण बघितला असेल. 2021 मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. ते कुत्रे मारून झालं नाही. तुमच्या आवारातले किती कुत्रे लस घेतलेले आहेत आणि कितींच्या कानाला नसबंदीची खाच आहे याची यादी करा, पुढच्या मीटिंगला ती न्या.

प्रश्न : धिरयो, म्हणजे बैल-रेड्यांची झुंज, आमची परंपरा. तामिळनाडूत जलिकट्टू चालतं, मग आम्हीच का गुन्हेगार? आमचे रेडे-बैल आम्ही पोरांपेक्षा चांगले सांभाळतो.
– सासष्टी

पात्रांव, सांभाळता हे मान्य आहे, तुमचा बैल अंडी खातो आणि त्याला रोज चोळून अंघोळ असते, माझ्या घरात माणसांची एवढी सेवा नाही. पण शिंग पोटात गेलं की त्या सेवेचं काय होतं तेही तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. 1996 मध्ये बाणावलीला धिरयोत एक माणूस मेला, त्यानंतर हायकोर्टानं बंदी घातली. करमणुकीसाठी जनावरं झुंजवणं हे 1960 च्या त्याच कायद्याच्या कलम 11 मध्येच गुन्हा म्हणून लिहिलंय. तामिळनाडूनं 2017 मध्ये स्वतःची कायदा दुरुस्ती केली आणि 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती टिकवली, गोव्यात तशी दुरुस्ती नाही. व्हावी का? माझं मत नको. आणि पहाटे शेतात गुपचूप चालणाऱ्या धिरयोवर पैजा किती लागतात हे बघितलं की परंपरा हा शब्द मला जरा जड जातो.

आता छोटी छोटी.

मांजराला ताप आलाय, अर्धी क्रोसिन चालेल का, असं म्हापशाहून विचारलंय. नाही! पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीसुद्धा. दिली असेल तर हे वाचत बसू नका, व्हेटकडे पळा, हिरड्या तपकिरी-निळ्या पडल्या आणि तोंड सुजलं तर अजिबात वेळ नसतो.

पेडण्याहून एका आजोबांनी लिहिलंय, नातीला बाजारातून पोपट आणलाय, बोलतो छान, पण कोणीतरी म्हणालं पोलीस धरतील. आजोबा, आपला हिरवा पोपट पाळणं वन्यजीव कायद्यात बसत नाही, चांदणी कासवही नाही. पण घाबरून पिंजरा उघडून उडवू नका, पंख कापलेले असतात, दोन झाडांपलीकडे कावळे नाहीतर मांजर गाठतं. वनखात्याला फोन करा, स्वतःहून दिलात तर सोपं जातं. नातीला ज्यानं विकला त्याची जागा सांगितलीत तर आणखी बरं.

सत्तरीहून एका शिक्षिकेचा प्रश्न, शाळेमागे माकड मरून पडलंय, पोरं पुरायला निघालीत, पुण्य म्हणून. बाई, पोरांना थांबवा. 2015 मध्ये सत्तरीत पाळी गावाकडून माकडतापाची साथ सुरू झाली होती, तो मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडीतून माणसाला होतो. कोणी हात लावू नका, जवळ जाऊ नका, वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला दोघांनाही कळवा. जी पोरं आधीच जवळ गेली असतील त्यांचे कपडे काढून गरम पाण्यात टाकायला सांगा, काखा, कानामागे, गुडघ्यामागे गोचिडी बघायला सांगा, आणि पुढच्या आठवड्यात कोणाला ताप आला तर डॉक्टरला माकडाचं आधी सांगायचं.